टोपीच्या वाटच्या चिप्स

आर्विड कोस्केला जन्मभर अमेरिकेतल्या ब्यूट गावच्या तांब्याच्या खाणीत राबला, पण स्वभाव कायम उतावळा. वॉकरव्हिलच्या टेकडीवर, आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये दर फेब्रुवारीत एका रविवारी पोकरची स्पर्धा भरायची. तीसेक खेळाडू, सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे बोली लावायच्या चकत्या. त्या संपल्या की माणूस बाहेर. शेवटी जो उरेल त्याचं नाव भिंतीवरच्या पाटीवर रंगवत. आर्विड ओळीनं बावीस वर्षं खेळला आणि पाटीवर त्याचं नाव एकदाही लागलं नाही. दुर्री-सत्ती, म्हणजे या खेळातले सगळ्यांत भिकार पत्ते, हातात आले की त्याला राहवत नसे. असल्या पत्त्यांवर कोणी एवढं लावेल असं कोणाला वाटणार, म्हणत तो होत्या-नव्हत्या त्या चिप्स पुढे लोटायचा. पण आर्विड थापाड्या आहे हे अख्ख्या हॉलला ठाऊक होतं. तासाभरात स्वारी घरी.

त्याची बायको इल्मा हा हिशेब धरूनच स्ट्यू ओव्हनमध्ये ठेवायची. तो दारात बुटांवरचा बर्फ झटकत म्हणायचा, "पुढच्या वर्षी." ती बशी पुढे सरकवायची. त्या रविवारच्या दुपारी दोघं जेवत बसायची आणि तो हरलेला डाव पुन्हा पुन्हा सांगायचा. तिच्या सुखाच्या आठवणींत या दुपारी सगळ्यांत वर होत्या, आणि हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात आर्विड छातीच्या दुखण्यानं गेला. पण फेब्रुवारीतली त्याची खुर्ची राखलेली होती. पुढच्या वर्षाचे पैसे हरल्या दिवशीच भरायचे, ही हॉलची रीत. आणि पैसे भरलेला माणूस मेला तरी त्याची खुर्ची दुसऱ्याला द्यायची नाही, हीसुद्धा रीतच. खुर्चीला त्याची टोपी अडकवत, समोर चिप्स मांडत, पत्ते वाटत आणि न बघता बाजूला सारत. मात्र पाळी आली की प्रत्येकाला टाकावा लागणारा ब्लाइंड टोपीलाही सुटत नसे. दोन इकडे, चार तिकडे, असा तो ढीग झिजत जायचा.

इल्मा नुसती बघायला म्हणून आली होती. मागे बाकावर विणकाम घेऊन बसली. अर्धा तास तिनं त्या चिप्स एकेक करून जाताना पाहिल्या आणि मग तिला ते बघवेना. हरायचं तर आर्विड एका झटक्यात हरायचा. हे असं कुरतडून संपणं त्याच्या आजारपणात तिनं दोन हिवाळे पाहिलं होतं.

ती उठून स्पर्धा चालवणाऱ्या एमेट ट्रेवॅरोकडे गेली. एमेट आर्विडचा खाणीतला सोबती.

"मला बसू दे," ती म्हणाली. "एकदा त्याचं नाव त्या पाटीवर लागू दे, एमेट. मग मी परत तोंड दाखवणार नाही."

टेबलावरचा डेल पसारिच कुरकुरला, की खुर्ची आर्विडची होती, ती काय वारशानं मिळालेली जमीन आहे का! एमेटनं टोपीकडे बघितलं.

"टोपीची काही हरकत दिसत नाही," तो म्हणाला. "बस, इल्मा."

टोपी मांडीवर घेऊन ती बसली. खेळ तिला येत होता. बावीस वर्षं जेवताना दुसरं ऐकलं काय होतं? आणि टेबलावरची माणसं तर तिला हातच्या रेषांसारखी पाठ होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं वाढप केलं होतं आणि या टेबलावरचे निम्मे गडी ताट घेऊन तिच्यापुढे रांगेत उभे राहिलेले होते. कोण घाबरला की गप्प होतो, कोणाला पोट भरलं तरी आणखी हवं असतं, सगळं तिला माहीत. हा डेल तर दुसऱ्यांदा खीर मागायला यायचा. पहिली वाटी मिळालीच नाही अशी थाप मारायची असली की त्याच्या तोंडात भारी गोडवा यायचा.

इल्मा पत्ते बघायची आणि टाकून द्यायची. पुन्हा बघायची, पुन्हा टाकायची. मधल्या वेळात हातमोज्याचे चार टाके घालायची. चांगले पत्ते आले तरच बोली लावायची, आणि ती बोलली की टेबलावरचे शहाणे आपले पत्ते मुकाट खाली ठेवायचे. न ठेवणारे एकेक करून घरी गेले. डेल म्हणाला, "बाई, आम्ही म्हातारे झाल्यावर तरी खेळणार का एखादा डाव?" सगळे हसले. तीही हसली आणि पत्ते टाकून दिले.

दिवे लागायच्या सुमाराला हातमोज्याचा अंगठा पुरा झाला आणि अख्ख्या हॉलात खेळणारी दोघंच उरली, ती आणि डेल. डेलपुढे तिच्या दुप्पट चिप्स. एका डावात बोली चढत गेली. मधे सगळ्यांसाठी उघडलेल्या पत्त्यांत राजा होता, एक्का होता. इल्मानं आपले दोन पत्ते पुन्हा एकदा बघितले. दुर्री आणि सत्ती. त्या उघड्या पत्त्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. खरं तर ते तिनं केव्हाच टाकायला हवे होते, पण त्या दोघांना टाकायला तिचा हात उठला नव्हता.

मांडीवरची टोपी तिनं सारखी केली आणि सगळ्या चिप्स पुढे लोटल्या.

डेलनं तिचा ढीग नजरेनं मोजला. मग त्यानं आपले पत्ते उताणे टाकले. राण्यांची जोडी होती.

"तुमच्या हातात एक्के असणार," तो म्हणाला. "पाच तासांत तुम्ही एक थाप मारली नाहीत."

इल्मानं आपले पत्ते न दाखवता गड्डीत सरकवले आणि मधला ढीग ओढून घेतला. आता तिच्या चिप्स डेलपेक्षा जास्त झाल्या होत्या. तिला आर्विडची इतकी आठवण आली, की पुढचे पत्ते धूसर दिसले.

तिसऱ्याच डावाला चिडलेल्या डेलनं उरलंसुरलं सगळं पुढे ढकललं. "विचार करून घ्या हं बाई, अगदी सावकाश. मी थांबतो की," तो गोड आवाजात म्हणाला. इल्माच्या हातात नुसती नव्व्यांची जोडी होती. तिनं विचार केलाच नाही, चिप्स टाकल्या. डेलकडे राजा आणि चौकी होती. नव्व्यांनी डाव मारला.

एमेट रंगाची डबी घेऊन शिडीवर चढला. त्यानं ब्रशनं पहिलं अक्षर काढायला घेतलं तेवढ्यात इल्मा म्हणाली, "थांब. आर्विडचं नको."

"अगं, त्यासाठीच बसलीस ना?"

"हो. पण तो जिंकला नाही, एमेट. तो असता तर पहिल्या तासातच घरी आला असता. माझं लिही."

एमेटनं लिहिलं. मग खाली उतरून, हात पुसत, रीतीप्रमाणे विचारलं, की पुढच्या वर्षाची खुर्ची राखायची का. इल्मानं पैसे काढून ठेवले.

"नाव?"

"आर्विड कोस्केला."

एमेटनं वहीतून डोकं वर काढलं.

"पहिला तास त्याला बसू दे," ती म्हणाली. "मग मी येईन."

पुढची नऊ वर्षं हे असंच चाललं. टोपी ती आदल्या दिवशीच हॉलवर पोचवायची. पहिला तास टोपी खेळायची. त्या वेळात इल्मा घरी स्ट्यू ओव्हनमध्ये ठेवायची, दोन बशा मांडायची आणि दाराकडे कान देऊन बसायची. तास भरला की एक बशी उचलून ठेवायची, कोट चढवायची आणि टेकडी चढून डाव सांभाळायला जायची.