खारावलेल्या जमिनीवरची जागा

"घरी विचारून सांगते," हे तिचं ठरलेलं उत्तर. भिशीला येतेस का, मराठी शाळेत शिकवशील का, अगदी चहा घेतेस का, सगळ्याला एकच. नवरा ऑफिसात आणि मुलगी शाळेत असतानाही ती हेच म्हणे. मी म्हणायची, "अगं, घरात आत्ता भिंती आहेत फक्त." ती हसायची आणि अर्धा कप घ्यायची.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेलच. इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात, ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. माहेर अकोल्याकडचं, मृदाशास्त्रात एमएस्सी, तीही पहिल्या नंबराने. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली. तिला कामाची परवानगी नव्हती आणि ग्रीन कार्डाची रांग काही सरकेना. माझ्या कुंडीतली माती चिमटीत धरून ती सांगायची, "काकू, पाणी जास्त होतंय हिला." एवढाच काय तो तिच्या शिक्षणाचा उपयोग होत होता.

एकदा दुपारी ती लॅपटॉप घेऊन वर आली. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात खारावलेल्या जमिनीवर संशोधन करायला पीएचडीची जागा निघाली होती. "तिकडे पीएचडी म्हणजे जॉबच असतो, काकू. फी नाही, उलट पगार देतात." 'पगार' म्हणताना तिचा आवाज अगदी बारीक झाला. मी म्हटलं, कर अप्लाय. आणि या वेळी घरी न विचारता तिने केलं.

नवरा त्या दिवशी घरून काम करत होता, म्हणून ऑनलाइन मुलाखत माझ्या स्वयंपाकघरात झाली. कुकर न लावता मी कोपऱ्यात बसले होते. माहेरचा खारपाणपट्टा, विहिरीचं खारट पाणी, पांढरी पडलेली जमीन, ती सांगत गेली आणि समोरच्या डच बाई लिहायचं थांबवून ऐकू लागल्या. आमची ही इतकी बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, जागा दिली तर घेणार का?

"आय विल आस्क ॲट होम अँड टेल यू."

आपल्यात कुणीही याला होकारच समजलं असतं. बाई गोंधळल्या. अर्ज तर तुम्हीच केलाय ना, म्हणाल्या. मग शुक्रवारपर्यंत थांबायला तयार झाल्या.

नवरा वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. तो म्हणाला, "तू जा, मी नाही म्हणत नाही. पण मला जॉब सोडता येत नाही यार, रांगेतला नंबर जाईल. मुलीला एकट्याने मॅनेज करणं होणार नाही माझ्याने. ग्रीन कार्ड येऊ दे, मग कुठेही जाऊ."

शुक्रवारी ती वर आली. "नाही म्हणून कळवलं, काकू."

"तुला जायचं होतं ना गं?"

"खूप," ती म्हणाली आणि ओट्यावरची भांडी पुसायला लागली. मला दोघांचाही राग आला, आणि त्या रांगेचा तर फारच.

पुढच्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीने माणसं कमी केली. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर देश सोडायचा. मिळाली नाही. सोफा, सायकल, मिक्सर विकून तिघं अकोल्याला गेली. ज्या रांगेसाठी ती थांबली होती, ती रांगच संपली.

परवा मी त्या विद्यापीठाची साइट उघडली. त्या संशोधनाच्या पानावर एका मुलीचा फोटो आहे. गुडघ्यापर्यंत बूट, मुठीत माती, मागे सपाट शेत. मुलगी हुशार दिसते, तिचा काही दोष नाही. तरी मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले आणि मनातल्या मनात तिला म्हटलं, जरा सरक गं बाई.