रिस्टार्ट करण्याआधी

देशमुख सरांचं बोट सीपीयूच्या पॉवर बटणावर होतं आणि मी त्यांचं मनगट धरलं होतं. वयाने आणि पदाने मोठ्या माणसाचा हात असा धरत नाहीत. पण समजावून सांगायला वेळ नव्हता.

"वैशाली, हात सोड. मशीन हँग झालं ना? रिस्टार्ट केल्याबिगर काय होनार आहे?"

"सर, रिस्टार्ट केलं तर पत्ता जाईल."

"पत्ता तर गेलाच ना."

"बहुतेक नाही गेला."

हे 'बहुतेक' माझं मलाच आवडलं नाही.

रायपूरमधल्या एका खासगी अँब्युलन्स सेवेच्या कंट्रोल रूममध्ये मी तेव्हा कॉम्प्युटर सांभाळायचे. मी मूळची वर्ध्याची. देशमुख सर शिफ्ट इनचार्ज. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले आणि शहरातल्या बूढापारा भागात स्थायिक झाले. सरांचा जन्म इथलाच. खोलीतल्या बाकीच्यांशी ते हिंदीत बोलायचे, माझ्याशी नागपुरी मराठीत.

ज्या मशीनवरून आमची झटापट चालली होती ते हेमलताचं. ती आमची सगळ्यात शांत ऑपरेटर. त्या दुपारी मात्र ती खुर्चीच्या कडेवर बसून ओढणीचं टोक पिळत होती.

झालं होतं असं. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवमधून एका बाईचा फोन आला. वहिनीचे दिवस भरलेले, रक्त थांबत नाही, भाऊ कारखान्यात ड्यूटीवर. बाईने गल्ली, खुणा सगळं भराभर सांगितलं आणि बोलता बोलता फोन बंद पडला. कॉलचा नंबर फोनच्या पडद्यावर दिसत होता. हेमलताने परत लावला. स्विच्ड ऑफ.

आमचं डिस्पॅच सॉफ्टवेअर, म्हणजे ज्यात पत्ता भरला की गाडीला निरोप जातो ते, मधूनच अडकायचं. म्हणून ऑपरेटर आधी नोटपॅडमध्ये लिहायचे आणि मग तिथून उचलून डिस्पॅचमध्ये टाकायचे. हेमलताने तसंच केलं. मजकूर कट केला, म्हणजे नोटपॅड पुढच्या कॉलसाठी रिकामं झालं, आणि डिस्पॅचमध्ये पेस्ट करायला गेली. तेवढ्यात डिस्पॅचची खिडकी पांढरी पडली. तिकडे दुसरा फोन वाजत होता. तो घेणं भागच. त्या माणसाला एका हॉस्पिटलचा नंबर हवा होता. तिने त्याची दोन वाक्यं नोटपॅडमध्ये टिपली, नंबर कॉपी करून त्याला मेसेज केला आणि परत पेस्ट करून पाहिलं. पत्त्याच्या जागी हॉस्पिटलचा नंबर आला.

कॉम्प्युटरमध्ये आपण कॉपी किंवा कट केलेली गोष्ट क्लिपबोर्डवर राहते. तिथे जागा एकाच गोष्टीची. नवी आली की जुनी गेली. कंट्रोल आणि Z दाबून मागे जाता येतं, हे हेमलताने करून पाहिलं होतं. पण आमच्या जुन्या नोटपॅडमध्ये फक्त शेवटचं काम उलटायचं, आणि ते पुढच्या कॉलचं होतं.

"मैं लिखी थी दीदी," ती मला म्हणाली. "पूरा लिखी थी. टंकी के पीछे वाली गली… अब आगे का याद नहीं आ रहा."

सरांनी तिच्या आठवणीवर गाडी बीरगांवकडे काढली होती. कॉलचं रेकॉर्डिंग मागवलं होतं. पण रेकॉर्डिंग दुसऱ्या एजन्सीकडे असायचं, आणि तिथला माणूस शोधतो म्हणून फोन होल्डवर ठेवून बसला होता. एवढ्यात वायरलेसवर ड्रायव्हर पुनारामचा आवाज आला.

"सर, बीरगांव आ गया. इधर टंकी दो ठन हे. कौन तरफ जाऊँ?"

पाण्याच्या टाक्या दोन, आणि बाईने कुठली सांगितली ते हेमलताला आठवत नव्हतं.

मी सरांना म्हटलं, "विंडोजमध्ये क्लिपबोर्ड हिस्टरी असते. कॉपी केलेल्या मागच्या बऱ्याच गोष्टी ती धरून ठेवते. पण मशीन बंद केलं की पुसून टाकते. म्हणून म्हणते, बटण दाबू नका."

"ते तर आपण बंद करून राहिलो ना? वरून ऑर्डर आहे."

ऑर्डर होतीच. पेशंटची नावं, पत्ते मशीनमध्ये पडून राहतात म्हणून मॅनेजमेंटने ही सोय सगळीकडे बंद करायला सांगितलं होतं. मी ते काम सुरूही केलं होतं, पलीकडच्या टोकाच्या टेबलापासून. हेमलताच्या टेबलापर्यंत पोचले की नाही, हे मला त्या क्षणी नक्की आठवेना. बंद केलं असेल तर आत काहीच नसणार. आता चालू करून मागचं मिळत नाही.

"मले सांग, नाही निघालं तर?"

"तर तुम्ही दाबा बटण."

त्यांनी बोट काढलं. "कर. पण लवकर."

अडकलं होतं ते डिस्पॅच, पूर्ण मशीन नव्हे. मी नोटपॅडवर क्लिक केलं. कर्सर लुकलुकला. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरलं आणि V दाबलं. काही नाही. माउसच्या बाणाजवळचं गोल चक्र फिरत राहिलं. पुन्हा दाबायचा मोह आवरला. अडकलेल्या मशीनवर बटणं बडवली की चालू असतं तेही बसतं. हेमलता डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

मग कोपऱ्यात छोटी खिडकी उघडली. आत यादी होती.

सगळ्यात वर हॉस्पिटलचा नंबर. त्याखाली एक पत्ता, बीरगांवचा. सर पुढे झुकले आणि तोंडाजवळ माइक ओढला.

"थांबा सर. खाली अजून एक आहे."

त्याखालीही बीरगांवचाच पत्ता होता. सकाळपासून तिथले दोन कॉल हेमलतानेच घेतले होते. क्रमाने पाहिलं तर वरचा नवा, पण एखादा जुना मजकूर पुन्हा कॉपी केला की तोही वर येतो. नुसत्या क्रमावर गाडी पाठवायची माझी तयारी नव्हती.

"हेमलता, नंबर लिहितेस ना तू पत्त्यासोबत?"

"हव दीदी. सबसे पहले नंबर."

"फोनवरचा वाचून दाखव."

तिने फोनच्या पडद्यावरचा नंबर वाचला. आकडे मी दोन्ही पत्त्यांशी ताडून पाहिले. वरच्या नोंदीशी तंतोतंत जुळले. मी ती नोंद क्लिक केली आणि सगळा मजकूर नोटपॅडमध्ये उतरला. शाळेकडची टाकी, मागची गल्ली, पिठाच्या चक्कीला लागून निळं दार.

सरांनी माइकवर एकेक शब्द सावकाश वाचला आणि पुनारामकडून परत म्हणवून घेतला. मग खोलीत बाकीचे फोन वाजत राहिले आणि ते घेतले गेले. हेमलताला सर म्हणाले, "पानी पी ले बेटा," पण ती पुढच्या कॉलवर गेली होती. मी नोटपॅडमधलं सगळं जपून ठेवलं आणि मग ते मशीन रिस्टार्ट केलं.

पुनारामचा निरोप आला तेव्हा पेशंट बाई मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये पोचल्या होत्या. दार उघडं ठेवून फोन करणारी नणंद रस्त्यावरच उभी होती, असं त्याने सांगितलं. बाईंना रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. एजन्सीचं रेकॉर्डिंग त्यानंतर आलं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी मॅनेजमेंटला दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांची भीती खोटी नव्हती. त्या यादीत दुसऱ्या पेशंटचे पत्ते होते, हेमलताने मुलाच्या शाळेला पाठवलेला मेसेजही होता, आणि तो मी न विचारता वाचला होता. कोणाचा पासवर्ड असता तर तोही दिसला असता. देशमुख सर एवढंच म्हणाले, "बंद असतं, तर त्या दिवशी आमच्यापाशी काही नसतं."

ठरलं ते असं. हिस्टरी चालू ठेवायची, आणि शिफ्ट संपली की त्याच खिडकीतलं 'क्लिअर ऑल' दाबून ऑपरेटरने ती स्वतः रिकामी करायची. कट करायचं नाही, कॉपी करायची. डिस्पॅचमध्ये मजकूर दिसल्याशिवाय नोटपॅड पुसायचं नाही.

नव्या ऑपरेटरना शिकवताना मी आता विंडोज आणि V पहिल्याच दिवशी दाखवते. ही सोय आधी चालू करावी लागते, हे सांगते. मशीनला मजकूर आठवतो, तो कोणाचा हे आठवत नाही, म्हणून टाकण्याआधी जुळवून पाहायचं, हेही सांगते. आणि मशीन अडकलं की पॉवर बटणाकडे हात नेण्याआधी आत काय राहिलंय ते बघायचं. ते बघून झालं, की मग खुशाल रिस्टार्ट करा.