मायचं वाळूक आणि माझे क्ष-किरण

आता तुम्हाला काय सांगू, अर्धं पुस्तक वाचलेला माणूस जेवढं नुकसान करतो, तेवढं अंगठेबहाद्दर माणूस जन्मात करू शकत नाही! आणि हे मी कुणा शेजाऱ्यापाजाऱ्याबद्दल बोलत नाहीये. चहा घ्या, सांगतो.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी नुकताच मास्तर. हट्टा या आमच्या गावाहून रोज एसटीनं कॉलेजात जायचो, बारावीला जीवशास्त्र शिकवायचो. म्युटेशन हा माझा लाडका भाग. "पोरांनो, पेशी दोन होताना डीएनएची नक्कल करते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच! शिवाय कडक ऊन, क्ष-किरण यांनीही डीएनए बिघडतो. ती चूक तशीच राहिली की झालं म्युटेशन!"

पुढच्या पानावर, पेशी ही मोडतोड दुरुस्त कशी करते ते दिलं होतं. ते पान मी "घरी वाचून या" म्हणून सोडून दिलं. खरं सांगू? मीही ते घरी वाचलं नव्हतं.

अशात कळलं, पावसाळा सरता सरता जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार. आपण काहीतरी भन्नाट न्यायचं! आणि माझी नजर गेली मायच्या वाळकावर.

वाळूक म्हणजे काकडीचंच भावंड, पण जाडजूड, आणि पिकलं की घरभर वास. मायचं बी तिच्या माहेरचं, साखरा गावचं. तिची आई गेली, भाऊ गाव सोडून गेले, माहेर म्हणून तिच्याकडे हे बी तेवढं उरलं होतं. दरसाल ती ते शेणाच्या गोवरीत थापून भिंतीला चिकटवायची, म्हणजे कीड लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मी ती गोवरीच उचकटली.

"काहून काढून राहिला रे?"

"माय, ह्यातून कोहळ्याएवढं वाळूक काढतो बघ."

"आन् हाय त्याला काय झालं?"

"तुला न्हाई कळायचं ते!"

हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. माझ्या तर जन्मभर लक्षात राहिलंय.

गोवरी रुमालात बांधून मी वसमतला सलीमभाईंकडे गेलो. ते एका दवाखान्यात हाडांचे फोटो काढायचे. "पेशंट किधर है सर?" मी टेबलावर गोवरी ठेवली. सलीमभाईंनी गोवरीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"सर, इसमें हड्डी कायकी?"

"हड्डी नाही, बी आहे. मारा क्ष-किरण!"

भला माणूस! दोस्तीखातर चार फोटो काढले. पण मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय? मग उन्हाचा डोस द्यायचा ठरवला. गोवरी ठेवली पत्र्यावर, अख्खा एप्रिल आणि मे! आमच्याकडे मे महिन्यात पत्र्यावर मांजरसुद्धा पाय ठेवत नाही, तिथे मी मायचं माहेर भाजत ठेवलं होतं.

मिरगाचा पाऊस पडल्यावर न्हाणीमागच्या वाफ्यात बी लावलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. एक कोंब येईल तर शपथ! शेवटी मायनं माती उकरून एक बी काढलं, चिमटीत दाबलं. भुगा झाला. पेशी जिवंत असेल तर काही दुरुस्त करणार ना! माय पदर तोंडाला लावून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. मला इतकी लाज वाटली, की दोन दिवस तिच्यासमोर जेवायला बसलो नाही. रोज सकाळी त्या वाफ्याकडे बघत उभा राहायचो.

आणि एक दिवस बघतो तर तीन कोंब!

"माय! म्युटेशन!"

"व्हय का? बरं झालं बाप्पा," एवढंच म्हणून माय भाकरी थापायला लागली.

वेल असे फोफावले, की विचारू नका. एक वाळूक तर तान्ह्या लेकराएवढं झालं. मी तक्ता रंगवला, 'क्ष-किरणांनी घडवलेलं नवं वाळूक', आणि निघालो हिंगोलीला. मायलाही नेलं, आमची कर्तबगारी बघायला. सोबत तांड्यावरची सक्रीबाई. तिचं वावर आमच्या वावराला लागून, माय नवी नवरी होऊन आली तेव्हापासूनचं दोघींचं गूळपीठ.

परीक्षक मॅडम आल्या. "हे म्युटेशनच आहे कशावरून?"

"मॅडम, आकार बघा ना!"

तेवढ्यात सक्रीबाई वाकून वाळकाचा वास घेत मायला म्हणाली, "अवं, हे तर माझ्या घरचं! मिरगानंतर तूच नेलं व्हतं न बी?"

मी मायकडे पाहिलं. माय छताकडे पाहत होती.

"माय?"

"मंग काय करू? रोज तोंड पाडून मातीकडं बघून राहायचा तू. जीव तुटायचा माझा. सक्रीकडून माझंच बी मूठभर आनलं, तीन बिया टोचल्या. तू नाचायलाच लागला, मंग कसं सांगू?"

"पण एवढं मोठं?"

"न्हाणीचं पानी पिऊन राहिलं ते. मोठं न्हाई व्हनार त काय!"

मॅडमना हसू आवरेना. "पण यांच्याकडे तुमचं बी कसं?"

"बी एका घरी ठिवतच न्हाईत बाई. माझं तिच्याकडं, तिचं माझ्याकडं. एकीचं नासलं तर दुसरीकडून आनायचं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, डीएनएच्या एका धाग्याला इजा झाली तर पेशी काय करते?"

घ्या! ते पान! घरी न वाचलेलं! शेवटी त्यांनीच सांगितलं, "बिघडलेला तुकडा कापून काढते, आणि समोरचा धागा शाबूत असतो, त्याच्यावरून बघून नवा भरते."

"मंग आमी येगळं काय केलं?" माय म्हणाली.

बक्षीस कुठलं मिळतंय! पण परतीच्या एसटीत मी दोघींच्या पाया पडलो. खरंच पडलो, कंडक्टर बघत असताना. मायचं साखरा वाचलं होतं, ते त्या दोघींमुळे, आणि मी ते जाळायला निघालो होतो. सक्रीबाईचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलं काम केलं ते म्हणजे ते सोडलेलं पान शिकवलं. फळ्यावर दोन घरं काढून.

पुढच्या साली मायनं बी थापलं तर गोवऱ्या तीन. एक आमच्या भिंतीला, एक सक्रीबाईकडे, आणि तिसरी थेट वसमतला, सलीमभाईंच्या घरी.

मी म्हटलं, "माय, दोन घरं पुरतात की! डीएनएचेसुद्धा धागे दोनच असतात."

"पुरत व्हती रे. पन डीएनएच्या घरात सायन्सचा मास्तर ऱ्हात न्हाई न!"