कार्डाचा कोपरा

बब्रुवान सातवी पास होता आणि त्याला वाचता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी सुखानं नांदत होत्या, कारण बहात्तरच्या दुष्काळात गुरुजी फळ्यापेक्षा पोरांना वाटायच्या सुकडीच्या पातेल्यापाशीच जास्त असत. बब्रुवाननं धडे ऐकून पाठ केले. पान कुठं उलटायचं, तेसुद्धा पाठ. त्या दाखल्यावर तो गावच्या दूध सोसायटीत शिपाई झाला आणि वस्तीची पोस्टकार्डं त्याच्याकडं वाचायला येऊ लागली.

तो आधी चारी कोपरे बघायचा. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात. कोपरा शाबूत दिसला की घसा खाकरून सुरू, "सगळी खुशाल हायती. गाय व्याली. पाऊस बरा हाय." त्याच्या वाचनात कधी कुणी शिंकलंसुद्धा नाही. म्हाताऱ्या जीव टाकायच्या त्याच्यावर.

बायको चांगुणा भावाच्या लग्नाला उमरग्याला गेली. ती चौथीच शिकलेली, पण खरोखरची. माहेरच्यांनी दिवस कळवायचा आणि नवऱ्यानं न्यायला जायचं, अशी रीत. निरोप येईना. कार्डं मात्र आली, चार. बब्रुवाननं सगळे कोपरे तपासले, "खुशाल हाय," असं स्वतःलाच वाचून दाखवलं आणि कार्डं तारेत ओवली. दुसऱ्याला दाखवावीत, तर सातवी पासची इज्जत जाणार. दीड वर्ष झालं. भाकरी एका बाजूनं करपायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. दोन्ही बाजू त्यालाच खाव्या लागत.

मग गावात प्रौढांचा वर्ग निघाला आणि साठीची जाईबाई अक्षरं शिकली. एका दुपारी ती लेकाचं जुनं कार्ड नाचवत त्याच्या घरी आली.

"काय रं बब्या, माज्या मच्छिंद्रानं बैल घेतला म्हणालास. ह्यात बैलाचं शेपूटबी न्हाय! पाय मोडलाय, असं लिवलंय त्यानं!"

बब्रुवान उठला. त्यानं कार्डांची तार काढली. "मावशी, एवढी बगा की."

जाईबाईची शिवी ओठातच राहिली. अक्षरावर बोट ठेवत ती वाचू लागली. "बुध...वारी... न्या...यला... या." दुसऱ्यात, "रागावलात का?" तिसऱ्यात, "स्टँडवर सांजपर्यंत बसले." चौथं तिनं मनात वाचलं.

"बोला की."

"आता येऊ नका."

पलीकडं सोसायटीत कुणीतरी कॅन आपटत होतं. बब्रुवाननं पहिलं कार्ड पुढं केलं. "'न्यायला या' कुठं लिवलंय?"

तिनं दाखवलं. जेवताना रोज तो त्याच ओळीकडं बघत बसायचा.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर पाट्या लावलेल्या तीन गाड्या उभ्या होत्या. शाळा सोडल्यापासून कुणाला म्हणाला नव्हता, ते तो कंडक्टरला म्हणाला, "साहेब, उमरग्याची कंची? मला वाचता येत न्हाय."