उन्हाचा आराखडा : रोहिणखेड ते डोणगाव

आम्ही घर सोडले ते एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. सौर आराखड्याचे जे सॉफ्टवेअर घराच्या गच्चीला पुरते, तेच गिरणीच्या छपराला आणि उघड्या माळरानालाही पुरेल काय? की कामाचा आकार बदलला, की साधनही बदलावे लागते?

आम्ही म्हणजे मी, बुलढाण्यातला निवृत्त विज्ञान-शिक्षक, आणि माझी मुलगी प्रज्ञा. प्रज्ञा अभियंता आहे. घरांवर सौर पॅनल बसवण्याचा तिचा स्वतःचा व्यवसाय आहे. जागेचे माप, दिशा आणि सावली सांगितली, की पॅनल कुठे व किती बसतील आणि वीज किती मिळेल याचा हिशेब हे सॉफ्टवेअर करते. अशी तीन सॉफ्टवेअर तिने वापरून पाहण्यापुरती घेतली होती. पहिले मोफत, मोबाईलवर चालणारे, उपग्रहाच्या छायाचित्रावर पॅनल मांडून देणारे. दुसरे इमारतीचे त्रिमित चित्र उभे करून प्रत्येक तासाची सावली दाखवणारे. तिसरे सर्वांत अवजड, जमिनीचे चढउतार विचारात घेणारे. पुढच्या दोन्हींना वर्गणी लागते आणि त्यांपैकी एकाचीच वर्षाची वर्गणी तिला परवडत होती.

"मोठं घेतलं तं लहान त्यात मावतेच ना, बाबा," ती म्हणाली.

"भुसाराच्या काट्यावर सोनं मोजतात का?" मी विचारले.

"मंग चला माझ्यासंगं. टेपचं दुसरं टोक धराले कोणीतरी पायजेच."

प्रश्नामागे आणखी एक निकड होती. डोणगावच्या एका डाळमिलच्या मालकांनी तिच्याकडून आराखडा मागवला होता आणि मोठ्या शहरातल्या एका कंपनीकडूनही. दोन्ही कागद समोर ठेवून ते आमच्या भेटीतच निर्णय देणार होते. प्रज्ञाने आजवर फक्त घरांचीच कामे केली होती. हे काम मिळाले, तर मिलवाले तिला बोलावू लागतील. न मिळाले, तर 'घरावरच्या प्लेटावाली बाई' हीच तिची ओळख राहील.

मार्गशीर्ष चालू होता. मोजणीसाठी मी हाच काळ सुचवला होता, कारण वर्षातली सर्वांत लांब सावली या दिवसांत पडते. जी मांडणी मार्गशीर्षात सावलीतून सुटते, ती वर्षभर सुटते.

पहिल्या दिवशी आम्ही घाटाखाली (बुलढाण्याचे पठार उतरल्यावर लागणारा मुलूख) उतरलो. गाडीवर शिडी बांधलेली होती. प्रत्येक वळणावर ती कुरकुरत होती. घाट संपला आणि हवेतला गारवा कमी झाला. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला पोहोचलो, तेव्हा जुन्या मशिदीच्या दगडी भिंतीवर कोवळे ऊन होते. शेतकरी गटाचे प्रमुख सलीमभाई तिथेच आमची वाट पाहत उभे होते. गटाच्या पडीक माळावर सौर प्रकल्प होऊ शकेल का, एवढेच त्यांना प्रज्ञाकडून जाणून घ्यायचे होते.

माळ डोंगराच्या पायथ्याशी आहे. मुरमाड जमीन, मधूनमधून बोरीची झुडपे. प्रज्ञाने मोबाईलवरचे पहिले सॉफ्टवेअर उघडायला घेतले. ते उघडेना, कारण तिथे रेंज नव्हती. तिने लॅपटॉप काढला, तर त्याची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती.

सलीमभाई गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साऱ्या गावाले पुरंल इतकी वीज बनवून राह्यले म्हनता, अन् तुमच्या डब्यालेच वीज नाई."

"म्हणून तं इथं आलो, भाऊ," प्रज्ञा म्हणाली. "तुमच्या माळावर चार्ज कराले."

लॅपटॉप विहिरीच्या मोटारघरात लावून आम्ही वाट पाहत बसलो. भर दुपार झाली, तेव्हा मी एक सरळ काठी जमिनीत उभी केली. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत भर दुपारी सपाट जमिनीवर पडणारी सावली वस्तूच्या उंचीइतकीच असते, थोडी कमीच भरेल. इथे मात्र सावली काठीपेक्षा स्पष्टपणे लांब पडली.

"काऊन लांब पडली हो, मास्टरसाब?" सलीमभाईंनी विचारले.

"दक्षिणेला डोंगर आहे. जमीन उत्तरेकडे उतरते. सावलीही उत्तरेकडेच पडते, म्हणजे उताराबरोबर खाली पळते."

प्रज्ञा ऐकत होती. घरी पहिल्या सॉफ्टवेअरवर काढलेला आराखडा तिने पिशवीतून काढला. त्यात हा माळ टेबलासारखा सपाट धरला होता आणि पॅनलच्या रांगा एकमेकींच्या जवळ बसवल्या होत्या. तशा उभारल्या असत्या, तर हिवाळाभर पुढच्या रांगेने मागच्या रांगेवर सावली धरली असती. लॅपटॉप चालू झाल्यावर तिने जमिनीचा उतार अवजड सॉफ्टवेअरमध्ये भरला. रांगा आपोआप दूर सरकल्या आणि काठीने जे सांगितले होते, तेच पडद्यावर उमटले. मला समाधान वाटले ते यासाठी, की तिने दोन्हींचा ताळा घेतल्याशिवाय सलीमभाईंना 'हो, जमेल' असे सांगितले नाही.

जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी होती. रोडगा फोडून तुपात बुडवण्याची शिस्त सलीमभाईंनी मला तीन पिढ्यांच्या अधिकाराने शिकवली. मी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा जेवलो आणि परतीच्या घाटात गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी चिखलीमार्गे मेहकर आणि तिथून जानेफळ. हा घाटावरचा मुलूख. सोयाबीन निघून गेलेल्या रानांत हरभरा उगवून आला होता आणि शेंगांनी लवलेली तूर अजून उभी होती. जानेफळच्या कमलबाई भाजीपाला पिकवतात. त्यांच्या घरावर पॅनल बसवायचे होते. दारातच त्यांनी मला "या, सर, जयभीम" म्हटले आणि प्रज्ञाला गच्चीचा जिना दाखवला.

इथे रेंज होती. पहिल्या सॉफ्टवेअरने चहा गार व्हायच्या आत गच्ची ओळखली, निळे पॅनल मांडले आणि विजेचा अंदाजही दिला. तुलनेसाठी प्रज्ञाने तेच घर अवजड सॉफ्टवेअरमध्ये घातले. त्याने जमिनीचा प्रकार विचारला, तारांची लांबी विचारली आणि अशा कित्येक गोष्टी विचारल्या, ज्यांच्याशी कमलबाईंच्या घराला काही कर्तव्य नव्हते. शेवटी उत्तर आले ते जवळजवळ तेच.

"कळलं, बाबा," प्रज्ञा हळूच म्हणाली. "भुसाराचा काटा."

तिने मोबाईलवरचे चित्र कमलबाईंना दाखवले. बाईंनी ते डोळ्यांजवळ धरले, दूर धरले आणि विचारले, "हे समदं निळं म्हंजे प्लेटा?"

"हाव, मावशी."

"समद्या स्लॅबवर?"

"हाव. वीज जास्त मिळंल."

"अन् मी कुरडया कुठं टाकू वं? तुह्या डोक्यावर?"

प्रज्ञा हसली, पण बाई हसल्या नाहीत. चैत्र-वैशाखात त्या गच्चीवर त्यांच्या आणि दोन्ही शेजारणींच्या कुरडया, पापड, सरगुंडे वाळतात. उपग्रहाने छायाचित्र घेतले तेव्हा गच्ची रिकामी होती, म्हणून सॉफ्टवेअरने ती रिकामीच धरली होती. प्रज्ञाने पॅनल उत्तरेकडच्या अर्ध्या भागात सरकवले. त्यामुळे त्यांची सावली घरामागे पडते आणि दक्षिणेकडची अर्धी गच्ची उन्हात मोकळी राहते.

"आता पाहा, मावशी."

"आता झालं. पह्यलेच इचारलं असतं तं एवढी उठाठेव कायले लागली असती?"

निघताना बाईंनी मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी आमच्या हाती दिली. डोणगावपर्यंत आम्ही त्या सोलून खात गेलो आणि टरफले गाडीभर केली.

डाळमिलचे मालक रमेशशेठ मितभाषी गृहस्थ आहेत. नव्या तुरीला अजून अवकाश असल्यामुळे मिल शांत होती. टेबलावर शहरातल्या कंपनीचा गुळगुळीत, रंगीत आराखडा होता. प्रज्ञाने दुसऱ्या, त्रिमित सॉफ्टवेअरवर घरूनच काढलेला आपला आराखडा शेजारी ठेवला. दोन्हींत टिनाचे शेड आणि त्याला लागून असलेली मोठी सिमेंटची गच्ची पॅनलने भरलेली होती. कंपनीच्या आराखड्यात पॅनल थोडे अधिक होते.

"दोनी सारखेच दिसून राह्यले," शेठ म्हणाले. "मंग जास्तीवाला काऊन घेऊ नये, ते सांगा."

"आधी वर जाऊन येतो, शेठ," प्रज्ञा म्हणाली.

गच्ची स्वच्छ झाडलेली होती. कठड्याला टेकून लाकडी फावडी उभी होती, टोकाला आडवी फळी असलेली. प्रज्ञा त्यांच्याकडे पाहत थांबली. तिच्या हातात अजून तुरीची एक शेंग होती.

"शेठ, तुरीले तेलपाणी दिल्यावर वाळवता कुठं?" तिने विचारले. भरडताना साल सुटावी म्हणून तुरीला तेल-पाणी चोळून उन्हात वाळवतात.

"कुठं म्हंजे? इथंच. सीझनमधी पाय ठेवाले जागा नसते इथं."

"अन् मंग ह्या प्लेटा?"

शेठ तिच्याकडे पाहू लागले. "तुमी सीझनमधी उचलून ठेवसान ना."

मी शेठना हसणार नाही. डाळमिलमध्ये सगळेच उचलून ठेवले जाते. हंगाम संपला, की ताडपत्र्या, चाळण्या, फावडी गोदामात जातात आणि हंगाम आला, की बाहेर येतात. पॅनलही त्याच जातीचे सामान असेल असे त्यांनी गृहीत धरले, आणि गच्ची रिकामीच असते असे दोन्ही आराखड्यांनी गृहीत धरले. कोणीच कोणाला विचारले नव्हते.

"नाई उचलता येत, शेठ. एकदा बसवल्या का वर्षानुवर्षं तिथंच."

"मंग माही तूर?"

"म्हणून गच्ची सोडावी लागंल. फक्त शेडवर बसवू."

शेडवर एक अडचण होती. धान्य वर चढवणाऱ्या एलिवेटरचा मनोरा शेजारीच उभा होता. त्याची उंची कोणालाच नक्की ठाऊक नव्हती. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिले. मी अंगणात काठी उभी केली. लगेच लागोपाठ, काठीची सावली तिने मोजली आणि मनोऱ्याची आम्ही दोघांनी. टेपचे शून्याकडचे टोक माझ्याकडे होते. समरूप त्रिकोणांचा हा धडा मी आयुष्यभर फळ्यावर शिकवला. माझ्या मुलीने तो डोणगावच्या मातीवर, पेन्सिलने तळहातावर गुणाकार करून सोडवला. त्या क्षणी मला किती अभिमान वाटला, ते मी तिला सांगितले नाही. इथे लिहितो आहे.

तिने मनोऱ्याची उंची त्रिमित सॉफ्टवेअरमध्ये भरली. पडद्यावर सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेडवरून फिरली. जिथे ती रेंगाळली, तिथले पॅनल प्रज्ञाने काढून टाकले. हे काम मोबाईलवरच्या सॉफ्टवेअरला जमले नसते आणि अवजड सॉफ्टवेअरची इथे गरज नव्हती. शेवटी पॅनल उरले ते पहिल्या आराखड्याच्या निम्म्याहून थोडे अधिक.

तिने तेवढाच आकडा शेठसमोर ठेवला. "कमी आहे, शेठ. पण तुमची तूर वाळंल अन् सांगितली तेवढी वीज मिळंल."

 शेठनी मोबाईल उचलून कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि गच्चीवर तूर वाळते, तिचे काय, असे विचारले. पलीकडचे बोलणे आम्हाला ऐकू येत नव्हते. शेठ नुसते "हं, हं" करत होते. मी टेप गुंडाळत राहिलो. गुंडाळून झाल्यावर उलगडून पुन्हा गुंडाळला.

फोन ठेवून शेठ म्हणाले, "ते म्हनते, उंच खांब उभे करू, त्याच्यावर प्लेटा बसवू. खाली मस्त सावली होईल. सावली फुकटात."

ते गालात हसले. त्या भेटीत प्रथमच.

"आमाले पायजे ऊन, अन् हे सावली देऊन राह्यले." मग प्रज्ञाकडे वळून म्हणाले, "बाई, संक्रांतीच्या आत शेडचं काम होईल का?"

"होईल, शेठ."

"मंग लागा कामाले. अन् त्या शेंगा उरल्या असन तं इकडं द्या. दोघंच खाऊन राह्यले कवाचे."

 परतताना चिखलीला चहाला थांबलो, तेव्हा प्रज्ञाने आपला निर्णय सांगितला. मोबाईलवरचे साधे सॉफ्टवेअर मोफत आहे, ते घरांसाठी पुरे. वर्षाची वर्गणी भरायची ती त्रिमित सॉफ्टवेअरची, कारण मिल, शाळा, गोदामे अशीच कामे यापुढे तिच्याकडे येणार आहेत. माळरानाचे काम ठरले, तर अवजड सॉफ्टवेअर तेवढ्या महिन्यापुरते घ्यायचे. आमच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले: साधन कामाच्या मापाचे असावे, मोठ्यात लहान मावते, पण त्यात शोभत नाही.

पण या प्रवासाने आणखी एक गोष्ट शिकवली. कोणत्याही सॉफ्टवेअरने, लहान वा मोठ्या, एक प्रश्न आम्हाला विचारला नाही: इथल्या उन्हावर आधीपासून कोणाचे काम चालते? तो कमलबाईंनी विचारला. प्रज्ञाने तो जानेफळहून डोणगावला नेला आणि योग्य गच्चीवर विचारला. शिक्षकाला याहून अधिक काय हवे असते? शिकवलेले उदाहरण विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी लावून दाखवतो, तेव्हाच ते शिकवले गेले असे म्हणता येते.

वाचकांना एक विनंती आहे. माझ्या शब्दावर विसंबू नये. मार्गशीर्षात भर दुपारी आपल्या गच्चीवर एक काठी सरळ उभी करावी आणि तिची सावली मोजावी. खाली येऊन, त्या गच्चीवर वर्षभरात काय काय वाळते, ते घरातल्यांना विचारावे. मगच आराखड्याकडे वळावे. आणि मी वर जे लिहिले आहे ते त्या मोजणीशी ताडून पाहावे.