सुगीला घरी जाणारं सैन्य

शेवटच्या भेटीत शिरसाट सरांचं आणि माझं भांडण झालं, तेही रोमच्या शेवटावरून. पुढच्या रविवारी येऊन मिटवू, असं मनाशी म्हणत मी तिसगावहून नगरच्या एसटीत बसलो. गुरुवारी सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. दुपारी जरा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत... याला आता सव्वा महिना झाला. रडून झालं आहे. सरांबद्दल लिहायचं तर हसतच लिहावं लागेल.

सर आम्हाला हायस्कूलला इतिहास शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडिलांची समजूत घालून नगरला माझा प्रवेशाचा अर्ज भरायला सरच सोबत आले होते. नोकरी लागल्यावर घेतलेला पहिला लॅपटॉप मी म्हणूनच त्यांना दाखवायला नेला. त्यात एक लढायांचा खेळ होता. रोमचं राज्य वाढवायचं, शहरं जिंकायची. मला वाटलं, सर रागावतील. ते मात्र मला खुर्ची देऊन स्वतः स्टूल ओढून शेजारी बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "हजार वर्षं सगळ्यांनी एकाच शिंप्याकडं कपडे शिवले का रे?"

खरंच होतं. रोम एक खेडं होतं तेव्हाचा शिपाई आणि शेवटच्या सम्राटाचा शिपाई, दोघांना तेच लाल कापड आणि तीच चौकोनी ढाल. या खेळाच्या काही फायली आपल्याला बदलता येतात, असं मी सहज बोलून गेलो आणि पुढची तीन वर्षं आमचे रविवार ठरून गेले. सर वाचून वहीत लिहायचे, मी ते खेळात उतरवायचो. त्यांनी चार पर्वं पाडली. पहिल्या पर्वातला शिपाई म्हणजे घरची ढाल-भाला घेऊन आलेला शेतकरी, म्हणून सुगीच्या महिन्यांत निम्मं सैन्य घरी जाईल, असा नियमच त्यांनी केला. मी वैतागलो. ऐन वेढ्यात फौज निघून गेली तर खेळणारा हरणारच. "हरू दे," सर म्हणाले. "बाजरी काढणीला आल्यावर तुझे वडील कुणाच्या लढाईला थांबले असते का?" मी तो नियम खेळात घातला. दुसऱ्या पर्वात बिनजमिनीचे सैनिक आले, ते रोमपेक्षा आपल्या सेनापतीचं जास्त ऐकत. तिसऱ्यात बारमाही फौज आली. चौथ्यात ढाली लांबट गोल झाल्या आणि शिपायांच्या उघड्या पायांना विजारी आल्या. चहा घेऊन आलेल्या काकू पडद्याकडं बघून म्हणाल्या, "आत्ता कुठं मानसांत आले."

राहिला तो शेवट. शेवटचा सम्राट गेला की खेळात पडदा काळा होई आणि 'साम्राज्य संपले' अशी पाटी येई. सरांना ती नको होती. खेळाला शेवट हवाच, असं माझं म्हणणं.

"गादीवरून एक माणूस उतरवला, एवढंच झालं," सर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी लोक शेळ्या घेऊन रानात गेलेच असतील की. त्यांना कोण सांगणार, तुमचं पर्व संपलं म्हणून?"

मी हट्टानं पाटी ठेवली. सर रुसले. नेहमी एसटीपर्यंत येणारे, त्या दिवशी ओट्यावरही आले नाहीत...

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. टेबलावर वही तशीच होती, शेजारी स्टूल. खुर्चीवर बसून मी आधी ती पाटी काढली. मग शेवटचं पर्व चालवून बघितलं. सम्राट गेला, पडदा क्षणभर अडखळला आणि पुढचा महिना लागला. शहरात बाजार भरला होता.

काकू कधी स्टुलावर येऊन बसल्या, मला कळलं नाही. "पहिल्यापासून लाव," त्या म्हणाल्या. "तुझ्या सरांचे शेतकरी बघू दे."

मी पहिलं पर्व लावलं, एका शहराला वेढा दिला. शहर पडणार एवढ्यात सुगी लागली आणि निम्मी फौज भाले खांद्यावर टाकून चालू लागली. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "घ्या, निघाले."

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "जाऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "सुगी हाय."