कान ओढून पाहणाऱ्या बाई

प्रदर्शनात हाताने शिवलेली कापडी अस्वलं विकणाऱ्या बाई प्रत्येक कान शिवून झाला की तो जोरात ओढून पाहत होत्या. "पोरं कानालाच धरून फरफटवतात हो," त्या मला म्हणाल्या. तेवढ्यात एका हौशी गृहस्थांनी तपकिरी अस्वल घेतलं. "काचेच्या कपाटात ठेवणार. कुणाला हातसुद्धा लावू देणार नाही!" बाई हसल्या, पण पिशवीत घालण्याआधी त्यांनी त्याचा कान पुन्हा एकदा ओढला.

तेव्हापासून मला चैन नाही. इतका पक्का टाका, आणि तो ओढणारं कुणीच नाही? घरी पोचले तर नातीने धावत येऊन पदर ओढला. सवयीने मी म्हणाले, "सोड गं, इस्त्री मोडेल."

तिने लगेच सोडला.